वजनदार जोडीदार

ढमीचा आवाज सडपातळ होता. आवाजाला कसली आलीय जाडी नि बारकाई, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे. पण फोनवरून लोकांना प्रश्न विचारण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना विचारून बघा. पलीकडचा माणूस नुसता आवाज ऐकून मनात एक बाई उभी करतो, आणि ढमीच्या आवाजावरून उभी राहणारी बाई हमखास पंचविशीतली, शिडशिडीत आणि लांब मानेची असायची. खरी ढमी छत्तीस वर्षांची होती, एकोणनव्वद किलोंची होती, आणि मानेबद्दल बोलण्यासारखं काही नव्हतं.

नाव घरचं. जन्मली तेव्हा चांगली गुटगुटीत, "काय बाळसं धरलंय!" म्हणून जो तो गालगुच्चा घ्यायचा. पोरगी शाळेत जायला लागली तरी बाळसं उतरेना, तेव्हा कौतुक थांबलं आणि नाव तेवढं राहिलं. आई ढमे म्हणायची, भाऊ ढमी म्हणायचा, भावाची मुलं ढमीआत्या. वहिनी मात्र रीतीची बाई. ती ढमीताई म्हणायची.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. एक लांबट खोली, पुठ्ठ्याचे आडोसे लावून पाडलेले कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक स्क्रीन, एक हेडफोन आणि एक माणूस. दिवसभर तिथून सगळ्या शहराला प्रश्न जायचे. साबण कुठला वापरता, बसची वाट किती वेळ बघता, तुमच्या गादीबद्दल तुम्ही समाधानी आहात का. लोक शिव्या द्यायचे, फोन आपटायचे, पण ढमीचा आवाज ऐकला की थांबायचे. गादीबद्दल सांगता सांगता एका गृहस्थांनी तिला आपल्या सासूबद्दलही सगळं सांगून टाकलं होतं. ते नोंदवायला स्क्रीनवर जागा नव्हती.

साहेबाचं नाव 'पुन्हावाचा' पडलं होतं. त्याचं कारण असं, की या धंद्यात एकच कायदा: स्क्रीनवर लिहिलंय तेच, तसंच, काना-मात्रा न बदलता वाचायचं. समोरच्याला कळलं नाही? पुन्हा वाचा. तरी नाही कळलं? पुन्हा वाचा. अर्थ सांगायचा नाही, उदाहरण द्यायचं नाही, आणि 'म्हणजे' हा शब्द तर तोंडातून काढायचाच नाही. 'म्हणजे' म्हटलं की विचारणाऱ्याचं मत उत्तरात मिसळतं आणि सगळं संशोधन नासतं, असं पुन्हावाचा म्हणायचा. एक हुशार मुलगी या एका शब्दापायी नोकरीला मुकली होती. ढमी अकरा वर्षांत कामावर एकदाही 'म्हणजे' म्हणाली नव्हती. घरी म्हणायची.

तर झालं असं, की विद्यापीठातल्या एक मॅडम संशोधन घेऊन आल्या. माणसाच्या वजनाचा आणि तो जोडीदार म्हणून किती आकर्षक वाटतो याचा संबंध काय, असा विषय. लग्नाळू लोकांच्या ओळखी जुळवणारी एक वेबसाइट होती, तिने आपल्या सभासदांचे नंबर त्यांना विचारून दिले होते. मॅडमच्या समितीतली सगळी मंडळी अतिशय सभ्य. जाड, लठ्ठ, बारीक, रोड, ही सगळी नावं ठेवण्याची भाषा, लोकांच्या मनाला लागते, म्हणून त्यांनी एकूण एक शब्द काढून टाकले आणि पाच निरुपद्रवी शब्द बसवले: अतिशय हलका, हलका, मध्यम, वजनदार, अतिशय वजनदार. वाचायचं असं, की जोडीदार वजनदार असेल, तर तो तुम्हाला किती आकर्षक वाटेल? एक म्हणजे अजिबात नाही, सात म्हणजे अत्यंत. हा 'म्हणजे' स्क्रीनवरचा, म्हणून कायदेशीर.

शरीराचा उल्लेख कुठेही नव्हता. त्यानेही मनाला लागतं म्हणे.

ढमीने पहिल्यांदा स्क्रीन वाचली आणि तिला बरं वाटलं. आयुष्यभर तिने ढोली ऐकलं होतं, पिंप ऐकलं होतं, बसमध्ये "दोन तिकिटं काढा" ऐकलं होतं. वजनदार असं कुणी म्हटलं नव्हतं. त्या समितीला बोलावून एकदा चहा पाजावा, असं तिच्या मनात आलं.

आता आतली गोष्ट सांगतो. ढमी स्वतः त्याच वेबसाइटवर होती. तिचा नंबर शेजारच्या कप्प्यातल्या बाईच्या स्क्रीनवर लागला आणि ढमीची पर्स वाजायला लागली, तेव्हा दोघींनी आडोशावरून एकमेकींकडे बघितलं. शेजारणीने 'फोन उचलला नाही' असं नोंदवलं आणि पुढचा नंबर लावला. गुणाची बाई.

वेबसाइटवर ढमीचा फोटो होता तो भावाच्या लग्नातला, आठ वर्षांपूर्वीचा, गळ्याच्या वरचा तेवढा कापून घेतलेला. आणि त्या फोटोच्या भरवशावर गेले तीन महिने एक गृहस्थ तिच्याशी फोनवर बोलत होते. मोटार चालवायला शिकवण्याचा त्यांचा धंदा. वय एक्केचाळीस, बायको फार वर्षांपूर्वी सोडून गेलेली, त्याबद्दल तक्रार नाही. दिवसभर लोकांच्या चुकांशेजारी बसायचं आणि ओरडायचं नाही, अशी सवय लागलेला माणूस. कुणी इंडिकेटर द्यायचा तर वायपर कसा लावला, कुणी उलटा गिअर टाकून "गाडी पुढे का जात नाही हो?" कसं विचारलं, असं काही तो सांगायचा, आणि ढमी इतकी हसायची की आई दुसऱ्या खोलीतून "कोण मेलं?" म्हणून ओरडायची.

"भेटू या का एकदा?" तो विचारायचा.

"पुढच्या महिन्यात बघू," ढमी म्हणायची, आणि काकडी खायला लागायची. महिनाभर काकडी खाऊन वजनाचं काही वाकडं झालं नाही. ढमीला तो आवडला होता, चांगलाच आवडला होता, आणि म्हणूनच त्याने आपल्याला बघू नये असं तिला वाटत होतं. एकदा बघितलं की फोन थांबणार. हे तिला अनुभवाने माहीत होतं, दोनदा थांबले होते.

आणि अशात मॅडमचे फोन सुरू झाले.

"जोडीदार हलका असेल तर?"

"छे! एक."

"वजनदार असेल तर?"

"सात."

पहिल्या दिवशी ढमीला वाटलं, योगायोग. दुसऱ्या दिवशीही तेच. एक कारकून म्हणाला, "अतिशय वजनदार असेल तर देवच पावला. आठ नाही का तुमच्याकडे?" एक घटस्फोटित बाई म्हणाली, "आधीचा अगदीच हलका निघाला हो. आता वजनदारच हवा." एका तरण्याबांड मुलाने सात सांगून वर विचारलं, "अशा मुली आमच्यासारख्यांकडे बघतात तरी का?"

तुमच्या लक्षात आलं असेल. ढमीच्या नाही आलं. छत्तीस वर्षं एकच वजन वागवलेल्या बाईला शब्दाचं दुसरं वजन कुठून ऐकू येणार? तिने सात लिहिले, पुन्हा सात लिहिले, आणि लिहिता लिहिता तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ते वजनकाट्यावरही दिसलं, कारण काकडी बंद झाली होती. बाई गं, तिला वाटलं, सगळं शहर आपली वाट बघत बसलंय आणि आपण आपल्या घरात लपून बसलोय! तोंडावर नावं ठेवणारे ठेवतात, पण मनातली गोष्ट माणूस अनोळखी आवाजालाच सांगतो, आणि तो आवाज तर तिचाच होता.

मोटार शिकवणाऱ्या त्या मास्तरांनीही एकदा सांगितलं, "तुमच्या ऑफिसातून मला फोन आला होता. दुसऱ्याच कुणी बाई होत्या."

"काय उत्तर दिलंत ते सांगू नका," ढमी घाईने म्हणाली. "नियम आहे."

सांगायची गरजही नव्हती. शहराचे सात होते. तिने तिथल्या तिथे रविवार ठरवला, दुपारी चार वाजता, मैदानाच्या फाटकापाशी. त्याने एवढ्या आनंदाने "बरं, बरं, बरं" म्हटलं की ढमीने फोन ठेवल्यावर आईला उगीचच मिठी मारली. आई म्हणाली, "हाड मोडशील माझं."

बुधवारी एका नर्सबाईंना फोन लागला. वजनदारचा प्रश्न आला तशा त्या म्हणाल्या, "वजनदार म्हणजे कसा?"

"मी प्रश्न पुन्हा वाचते," ढमी म्हणाली, आणि वाचला.

"अहो, ते कळलं. पण वजन कुठे आहे त्याचं? नगरपालिकेत, की त्याच्याही वर? माझ्या भावाची बदली अडकलीय दोन वर्षं. ज्याच्या शब्दाला वजन आहे असा कुणी असेल, तर सात काय, सत्तर लिहा. आणि नंबर द्या."

ढमीने सात लिहिले. आभार मानले. हेडफोन काढला. मग आडोशावरून शेजारणीला विचारलं, "तुला काय वाटत होतं गं, हे संशोधन कशाचं आहे?"

"वशिल्याचं," शेजारीण म्हणाली. "का? नाहीये?"

सगळे सात तिच्या डोळ्यांपुढून उलटे निघून गेले. कारकुनाला देव पावणार होता तो बढतीसाठी. त्या पोराला कुठल्या तरी बड्या घरची मुलगी हवी होती. तिच्याबद्दल कुणीही, एकानेही, काहीही म्हटलेलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत ती डबा न उघडता बसून राहिली. गप्प बसणं सोपं होतं. मॅडम खूश होत्या. इथल्या लोकांची आवड जगावेगळी आहे असा निबंध त्यांनी लिहायलाही घेतला होता. निबंध छापून आला असता, तर इथल्या लोकांना जाड माणसं आवडतात हे निदान कागदावर तरी खरं झालं असतं. ढमीला ते फार हवं होतं. पण अकरा वर्षं माणूस जसं सांगेल तसं लिहिण्यात गेली होती; नर्सबाईंनी सांगितलेलं एक नि लिहिलेलं भलतंच, हे तिला सहन होईना. ती उठली आणि साहेबाच्या टेबलापाशी गेली.

सगळं ऐकून पुन्हावाचा म्हणाला, "पुन्हा सांगा."

मॅडमना फोन गेला. पलीकडून आधी "अगं बाई!" एवढंच. मग मॅडम म्हणाल्या, "आता सरळ जाड लिहा. बारीक लिहा. लागलं मनाला तर लागू दे. आणि सगळ्यांना पुन्हा फोन करा."

गुरुवारपासून ढमी त्याच माणसांना तोच प्रश्न नव्या शब्दात विचारायला लागली. जोडीदार जाड असेल तर? कारकून म्हणाला, दोन. घटस्फोटित बाई म्हणाल्या, "मला काही प्रॉब्लेम नाही हो, पण... दोन." तो तरणाबांड मुलगा नुसता हसला आणि मग एक म्हणाला. एका गृहस्थांनी, "तुमच्यासारखा आवाज असेल तर सात," असंही सांगितलं, आणि ढमीने पुन्हा प्रश्न वाचल्यावर सातचा एक केला. ढमी लिहीत गेली. तिला वाईट वाटत होतं, आणि त्याहून जास्त स्वतःचा राग येत होता, की आपण इतक्या येड्यासारख्या खूश झालोच कशा. रविवारी सर्दी झाली असं कळवून टाकायचं तिने ठरवलं. सर्दी लांबवता येते.

शुक्रवारी दुपारी स्क्रीनने पुढचा नंबर आपोआप लावला. स्क्रीनवर नाव नसतं, फक्त मागची उत्तरं दिसतात. हलका, चार. वजनदार, दोन.

"बोला," पलीकडून आवाज आला.

ढमीने आवाज ओळखला. पण अकरा वर्षांची सवय. "नमस्कार. आपण मागे भाग घेतलेल्या सर्वेक्षणातले काही प्रश्न सुधारून पुन्हा—"

"अहो, तुम्हीच!"

ओळखीचा माणूस निघाला तर फोन दुसऱ्याकडे द्यायचा, असा नियम आहे. ढमीने शेजारणीकडे बघितलं. ती कुणाला तरी गादीबद्दल विचारत होती.

"विचारा की," मास्तर म्हणाले. "बघू तरी कसं विचारता. मागच्या वेळी मी वजनदारला दोन दिले होते. बड्या घरची, चार ठिकाणी ओळखी असलेली बायको आपल्याला काय करायची? नाकापेक्षा मोती जड."

"जोडीदार जाड असेल," ढमीने वाचलं, "तर तो तुम्हाला किती आकर्षक वाटेल? एक म्हणजे अजिबात नाही, सात म्हणजे अत्यंत."

"जाड म्हणजे किती जाड?"

"मी प्रश्न पुन्हा वाचते." तिने वाचला.

"ते कळलं हो. पण जाड म्हणजे? थोडी, की—"

तिसऱ्यांदा वाचायला ढमीने तोंड उघडलं.

"म्हणजे माझ्याएवढी," ती म्हणाली. "एकोणनव्वद किलो. तो फोटो आठ वर्षांपूर्वीचा आहे, आणि तेव्हाही खालचा भाग कापलाय."

पलीकडे नुसती इंडिकेटरची टकटक. "बाजूला घ्या," मास्तर कुणाला तरी म्हणाले. "ब्रेक. हां. थांबा दोन मिनिटं." मग फोनमध्ये म्हणाले, "तीन."

"काय?"

"तीन लिहा. तुमच्याकडे खरं लिहायचं असतं ना? जाड बायका मला काही खास आवडत नाहीत. खोटं कशाला सांगू?"

ढमीने तीन लिहिले. बोटांनी आपणहून लिहिले.

"आणि फोटोचा मला राग आलाय," मास्तर म्हणाले. "तीन महिने बोलतोय आपण. पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत, तर काय बिघडलं असतं?"

"तुम्ही बोललाच नसता."

त्याने विचार केला. "खरंय," तो म्हणाला. "नसतो बोललो."

मग ढमीने उरलेले प्रश्न वाचले. बारीक, चार. मध्यम, पाच. आपण वेळ दिल्याबद्दल आभारी आहोत.

"रविवारी चारला ना?" मास्तर म्हणाले.

"अजून?"

"अजून काय? ठरलंय ना." आणि बाजूच्या माणसाला, "चला, पहिला गिअर," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

शनिवारी ढमीने आईला सगळं सांगितलं. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. "सातापैकी तीन?" ती म्हणाली. "नापासच की गं." आणखी एक घडी झाली. "आणि तरी येतोय?"

"हो म्हणाला."

"मग जा. सातवाले कुणी आले का आजवर?"

वहिनी काळा कुडता इस्त्री करून घेऊन आली. "ढमीताई, हा घाला. यात बारीक दिसता."

"नको गं," ढमी म्हणाली. "त्याला किलो माहितीयेत."

रविवारी ती फाटकापाशी पोचली तेव्हा टपावर शिकाऊची पाटी लावलेली एक छोटी गाडी उभी होती आणि गाडीला टेकून मास्तर. आवाजावरून ढमीने मनात उंच माणूस उभा केला होता. खरा बेताचाच निघाला. त्याने तिला बघितलं. कपाळापासून चपलेपर्यंत, आणि मग परत वर येऊन गुडघ्यांपाशी त्याची नजर थांबली. असं बघणं ढमीच्या चांगल्या ओळखीचं होतं. कपड्यांच्या दुकानात बघतात, बसमध्ये शेजारी बसताना बघतात. संपलं, तिला वाटलं. घरी जाऊन आईला काय सांगायचं तेही तिने ठरवून टाकलं.

"झालं बघून?" तिने विचारलं.

"झालं," तो म्हणाला. त्याने चालकाच्या बाजूचं दार उघडलं, आत वाकला, सीटखालची दांडी ओढली आणि सीट खडखडत मागे सारली. पाठ थोडी कलती केली. वळून पुन्हा एकदा ढमीकडे बघितलं आणि सीट आणखी एक खाच मागे नेली. "आधी एक ठेंगणे गृहस्थ होते," तो म्हणाला. "बसा."

"इथे? मला गाडी येत नाही."

"येणाऱ्यांना घेऊन मी काय करू?"

ढमी बसली. गाड्यांत ती नेहमी आडवी शिरायची, श्वास ओढून, "सॉरी हं, सॉरी" म्हणत. या वेळी सवयीने श्वास ओढला आणि मग तो सोडायला जागा आहे हे तिच्या लक्षात आलं. पोट आणि स्टिअरिंग यांच्यात चांगलं वीतभर अंतर होतं. त्याने पट्टा आधीच लांब ओढून धरला होता. तो पहिल्या झटक्यात लागला. दिवसभर तो हेच करतो, माणूस बघतो आणि सीट सरकवतो. आजवर तिला बघून लोक हसले होते, तोंड फिरवून बसले होते, कुरकुरत स्वतः सरकले होते. तिच्यासाठी जागा किती लागेल, एवढंच कुणी बघितलं नव्हतं. तिला रडू आलं. थोडंथोडकं नाही, नाकातोंडातून आलं.

मास्तर पलीकडून आपल्या जागी येऊन बसले. दार लावलं, आरसा तिच्याकडे वळवला, तिला डावा पाय क्लचवर ठेवायला सांगितलं आणि किल्ली फिरवली.

"पहिल्या दिवशी बरेच जण रडतात," ते म्हणाले. "रड खुशाल. फक्त क्लचवरचा पाय काढू नकोस."